लुथरन चर्चच्या मंडळीत बिगर-ख्रिस्ती कुटुंबानं किती मिसळावं?

रानजाई :
नमस्कार. सल्ला हवाय, आणि त्याहून जास्त तुमचे अनुभव हवेत.

मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला, मका आणि सोयाबीनच्या शेतांमधल्या एका लहान गावात आम्ही या उन्हाळ्यात राहायला आलो. नवऱ्याची नोकरी इथल्या इस्पितळात, लेक दुसरीत. गावात चर्च दोन आणि दोन्ही लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाची. मराठी सोडाच, दुसरं भारतीय घरही नाही. शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात दारात येऊन विचारलं, "शिवण येतं का?" येतं म्हटल्यावर दर मंगळवारी मला त्यांच्या चर्चच्या तळघरात घेऊन जायला लागल्या.

तिथे गोधड्या होतात. लांब टेबलावर आधी अस्तराची चादर पसरायची, तिच्यावर जुनं ब्लँकेट, आणि वर पडदे, शर्ट, पायजमे कापून चौकोन जोडलेला थर. मग टेबलाच्या चारी बाजूंनी बायका उभ्या राहतात आणि जाड सुईत क्रोशाचा दोरा ओवून वीत-वीतभर अंतरावर तिन्ही थर टाचून गाठी मारतात. आपल्यासारखा धावदोरा नाही, नुसत्या गाठी. गाठ दुहेरी मारायची आणि दोऱ्याची शेंडी बोटाच्या पेराएवढी ठेवायची, नाहीतर धुण्यात सुटते. माप ठरलेलं, ६० बाय ८० इंच. आमच्या तळघरातला नियम असा की कापडावर झेंडा नको, लष्करी छाप नको, क्रूससुद्धा नको. कारण ती कुठल्या देशात, कुठल्या छावणीत, कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. तयार झालेल्या गोधड्या लुथरन वर्ल्ड रिलीफ या संस्थेकडे रवाना होतात.

हे काम मला मनापासून आवडतं. प्रश्न पुढचा आहे. आता लेकीला नाताळच्या नाटुकल्यात घ्यायचं म्हणतात. रविवारी उपासनेला या म्हणतात. आम्ही घरी गणपती बसवणारी माणसं, ते काही बदलणार नाही. मग किती मिसळावं? पुढेमागे आम्ही सभासद होऊ अशी त्यांची अपेक्षा असेल का? आणि तशी असेल, तर गप्प राहून नुसतं मिसळत राहणं त्यांच्याशी अप्रामाणिकपणाचं ठरेल का? रविवारी भाकर आणि द्राक्षरस देतात तेव्हा आमच्यासारख्यांनी काय करायचं?

प्रश्नचिन्ह :
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आधी शिवण, मग नाटक, मग रविवार, मग बाप्तिस्मा. पायऱ्या ठरलेल्या असतात. लेकीला यात ओढू नका.

केतकी_पुणे :
धागा आवडला. वाचतेय. त्या गोधडीचा फोटो टाका ना.

मिनियापोलिसकर :
रानजाई, आधी एक बघा. दोन्ही लुथरन म्हणालात, पण कुठली लुथरन? इथे दोन मोठी घराणी आहेत. एक ईएलसीए, म्हणजे अमेरिकेतलं इव्हँजेलिकल लुथरन चर्च. तीन जुनी मंडळं एकत्र येऊन १९८८ साली सुरू झालं. त्यातल्या दोन मंडळांनी १९७० मध्येच बायकांना पाळकपद दिलं होतं. दुसरं मिसूरी सिनड, १८४७ चं, मूळ जर्मन स्थलांतरितांचं. तिथे पाळक पुरुषच, आणि प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि द्राक्षरस, साधारण आपल्याच सभासदांपुरतं. पाटीवर लिहिलेलं असतं. तुमचा शेवटचा प्रश्न बराचसा त्यावरच ठरेल.

बाकी मिनेसोटात लुथरन मंडळी म्हणजे रविवारचा एक तास असं समजू नका. खरा कारखाना तळघरात चालतो. उपासना झाली की कॉफी. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत बुधवारी संध्याकाळी सूप आणि पाव, मग छोटी उपासना. शरद ऋतूत लुटफिस्कचं जेवण, ज्याला चाळीस-पन्नास मैलांवरून लोक येतात. वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवतात, धुतात, शिजवतात, वर पातळ केलेलं लोणी. मी खाल्ला. पुन्हा खाणार नाही, पण वाढायला दरवर्षी जातो. त्याबरोबरचं लेफ्से मात्र सोडू नका: उकडलेल्या बटाट्याची पोळी, खाचांच्या लाटण्यानं कागदासारखी लाटलेली, लांब चपट्या काठीनं तव्यावर उलटायची. आमच्याकडच्या ज्येष्ठ बायका ती काठी अशी चालवतात की बघत राहावं.

आणि कुणी गेलं की बघा. दफन झाल्यावर सगळ्या पाहुण्यांना तळघरात जेवण असतं. हॅम घातलेले लोणी लावलेले बन, कॉफी, बार म्हणजे ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापलेला गोड पदार्थ. बायकांचे गट असतात, रूथ, नामी, दुर्कस अशा बायबलमधल्या नावांचे, आणि पाळीपाळीनं एकेक गट ते जेवण सांभाळतो. घरच्यांनी काही करायचं नाही, नुसतं बसायचं.

नगरी_सलाम :
सलाम सगळ्यांना. मी नगरचा, आता कामानिमित्त पुण्यात. आमची मंडळी सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मूळ अमेरिकन मराठी मिशनची, जे नगरात १८३१ साली आलं. म्हणजे आम्ही लुथरन नाही, पण मंडळीचं जगणं पुष्कळसं सारखंच आहे म्हणून लिहितो.

रानजाईताई, तुम्ही ज्याला मिसळणं म्हणताय ते आमच्याकडे कापणीच्या सणाला बघायला या. लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक आणतात. ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचा घड, अंडी, एखादी कोंबडी. उपासनेनंतर आवारात लिलाव. एक नारळ एकानं घ्यायचा आणि लगेच मंडळीला परत द्यायचा, मग दुसऱ्यानं बोली लावायची. आमच्या आवारातले हिंदू, मुसलमान शेजारी बोली लावायला येतात. लहानपणी आमच्या गल्लीतले एक वाणीकाका दरवर्षी सगळ्यात महाग भोपळा घ्यायचे आणि पाळकसाहेबांच्या घरी पाठवायचे. त्यांना कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही सभासद कधी होणार.

प्रश्नचिन्ह, तुमच्या शंकेमागे जे आहे ते मला ठाऊक आहे, आणि मी जन्मभर ते ऐकत आलोय. माझ्या खापरपणजोबांनी जे केलं ते विचार करून केलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तोही विचार करूनच, आणि आज आम्ही उपासनेत त्यांची भजनं टाळ-पेटीवर म्हणतो. प्रत्येक ख्रिस्ती माणसाला कुणीतरी शिवणकामाच्या टेबलावरून उचलून आणलंय असं समजू नका, इतकंच मागणं.

प्रश्नचिन्ह :
तुमच्या घरच्यांबद्दल बोललो नाही. पण दुष्काळात धान्य देऊन काय काय झालं तेही इतिहासात आहे. देणारा ताकदवान आणि घेणारा उपाशी असेल तर "स्वेच्छा" कशाला म्हणायचं?

नगरी_सलाम :
हा प्रश्न योग्य आहे आणि तो आमच्या मंडळीतही विचारला जातो. पण रानजाईताई उपाशी नाहीत. त्या तिथे देणाऱ्यांच्या बाजूला उभ्या राहून गाठी मारताहेत.

प्रशासक :
भारतातल्या धर्मांतराच्या इतिहासावर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा तिकडे न्यावी. इथे लुथरन मंडळीच्या सामाजिक जीवनाबद्दल लिहा.

लाइपझिगकर :
जर्मनीतल्या लाइपझिगमधून लिहितो. इथे गोष्ट अगदी उलट आहे. कुणी बोलवायला दारात येत नाही, पण सरकारी कार्यालय विचारतं! नव्या पत्त्यावर नाव नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे इव्हँजेलिश, म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलंत की पगारातून चर्चचा कर कापला जातो: आयकराच्या ९ टक्के, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत ८ टक्के. आपण रकाना मोकळा सोडायचा. तरीही मंडळीच्या बहुतेक गोष्टी आपल्याला खुल्या असतात.

मी इथल्या एका उपनगरातल्या चर्चच्या गायनवृंदात बेसमध्ये गातो. माझा धर्म कुणी विचारला नाही, स्वर वाचता येतो का ते विचारलं. आमच्यातले निम्मे तरी कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. पूर्व जर्मनीत हे सर्रास आहे. याच शहरात थोमासकिर्श या चर्चमध्ये संगीतकार बाख १७२३ पासून मरेपर्यंत, १७५० पर्यंत, गायनप्रमुख होता, आणि त्या चर्चची मुलं आजही शुक्रवारी-शनिवारी गातात. लुथरन लोकांना गाणं हा उपासनेचा अलंकार वाटत नाही, गाणं हीच उपासना. खुद्द मार्टिन लुथर यांनीच लोकांना त्यांच्या भाषेत गायला लावलं. शिवाय गावोगावच्या मंडळ्यांमध्ये पितळी वाद्यांचे ताफे असतात. बारा वर्षांची पोर आणि सत्तरीचे आजोबा शेजारी बसून ट्रंपेट फुंकतात. ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात, कुणाच्या पंचाहत्तरीला खिडकीखाली, कुठेही वाजवायला तयार.

आणि बाहेरच्यांनी मिसळावं का याचं सगळ्यात मोठं उत्तर याच शहरात आहे. निकोलाइकिर्श या चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांतीसाठी प्रार्थना होते. दारावर पाटी: सर्वांसाठी खुलं. कम्युनिस्ट राजवटीत ज्यांना कुठेच बोलता येत नव्हतं ते तिथे जमायला लागले, त्यात नास्तिक भरपूर. ९ ऑक्टोबर १९८९ ला प्रार्थना संपवून लोक बाहेर पडले तेव्हा रस्त्यावर सुमारे ७०,००० माणसं होती. हातात मेणबत्त्या. सशस्त्र पोलीस उभे होते, गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. पाटीवर "फक्त सभासदांसाठी" असं असतं तर?

प्रश्नचिन्ह :
पगारातून कापून? म्हणजे देवाचा टीडीएस! :)
निकोलाइकिर्शची माहिती नव्हती. धन्यवाद.

उप्सालाची_आई :
लाइपझिगकर, मस्त लिहिलंत.

स्वीडनमध्ये २००० सालापर्यंत लुथरन चर्च सरकारी होतं, आता वेगळं झालंय. रविवारी बाकं रिकामी असतात हे खरं. पण सोमवार ते शुक्रवार येऊन बघा. बाळ झाल्यावर रजेवर असलेल्या आयांसाठी (आणि बाबांसाठी, इथे ते तितकेच असतात) चर्चचा खुला बालवर्ग असतो. नाव घालायला नको. गालिच्यावर बाळं रांगतात, पाळकबाई गिटार घेऊन गाणं म्हणतात, मग कॉफी आणि दालचिनीचा बन. मी अंधाऱ्या नोव्हेंबरात, भाषा येत नसताना, एकटी बाळाला घेऊन घरात बसलेली होते. त्या गालिच्यावर मला माझ्या इथल्या पहिल्या मैत्रिणी मिळाल्या. एक इराणी, एक सोमाली, एक इथलीच. चर्चचं ऋण मानते मी.

१३ डिसेंबरला संत लुसियाच्या सणाच्या मिरवणुकीत माझी मुलगी दोन वर्षं पांढरा झगा घालून चालली. घरी येऊन तिनं शुभंकरोती म्हटलं. काहीही बिघडलं नाही.

आणखी एक. स्टॉकहोम आणि त्रानोस सोडलं तर देशभर दफनभूमीची व्यवस्था चर्चच बघतं, सगळ्या धर्मांच्या लोकांची, आणि ख्रिस्ती नसलेल्यांसाठी वेगळी जागा ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्या ओळखीचे एक काका इथे गेले तेव्हा दहनाची, अस्थींची सगळी माहिती आम्हाला चर्चच्या कचेरीतल्या बाईंनी शांतपणे समजावून दिली.

सौंसरवाला :
इतका वेळ वाचत होतो. गंमत वाटली की लुथरन म्हटलं की सगळ्यांना परदेशच आठवतो. मी लुथरन आहे. मराठी आहे. आमचं घर सौंसरचं, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, जिथे घराघरात मराठी बोलतात आणि राज्य मात्र मध्य प्रदेश.

आमच्या चर्चचं मुख्यालय छिंदवाड्याला. स्वीडिश मिशनऱ्यांनी उभं केलेलं, आता पूर्ण आपल्या लोकांच्या हातात. बैतूल जिल्ह्यातलं पाढरचं इस्पितळ आमच्याच चर्चचं. अमरावतीकडची कितीतरी माणसं तिथे उपचाराला जातात. त्याशिवाय रांचीला गोस्नर चर्च आहे. १८४५ साली बर्लिनहून चार जण तिथे आले, पाच वर्षं कुणी फिरकलं नाही, मग १८५० मध्ये चार उरांव आदिवासींनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ पासून ते चर्च स्वतःचा कारभार स्वतः बघतं. आंध्रात गुंटूरकडे तर लुथरन लोक लाखांनी आहेत.

आमची मंडळी लहान. उपासना हिंदीत, नंतरच्या गप्पा वऱ्हाडीत. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, पाळी ठरलेली. ज्याच्या घरी असेल त्यानं फक्त चहा द्यायचा असा ठराव आहे, कारण एकानं पोहे केले की दुसऱ्याला शिरा करावा लागतो आणि गरिबाला पाळी जड होते. हा ठराव माझ्या आजीनं भांडून करून घेतला होता. ईस्टरच्या आधी सगळी तरुण पोरं कब्रस्तानात जातात, गवत काढतात, थडग्यांना चुना मारतात. पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन तिथेच उपासना. रांचीला हाच प्रकार हजारोंच्या संख्येनं होतो.

आमच्याकडे तळघर नाही, गोधड्या नाहीत, पियानो नाही. ढोलक आहे. दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर स्वतः विश्वास जाहीर करतात त्या विधीच्या) वर्गात मात्र मार्टिन लुथर यांची तीच छोटी प्रश्नोत्तरी, १५२९ ची, जी मिनेसोटातली पोरंही पाठ करतात. "याचा अर्थ काय?" हा प्रश्न प्रत्येक आज्ञेनंतर येतो. आमचे पाळकसाहेब पोरांना उत्तर पाठ आलं तरी सोडत नसत. आता तुझ्या शब्दांत सांग म्हणत.

रानजाई, तुम्ही जा. आमच्याकडे कुणी असं विचारलं असतं तर आम्हाला आनंदच झाला असता.

केतकी_पुणे :
सौंसरवाला, चहाचा ठराव करून घेणाऱ्या आजींना दंडवत. आमच्या सोसायटीच्या भिशीत हा नियम कुणीतरी आणा.

तंजावरी :
लुथरन आणि मराठी हा विषय निघालाय तर तंजावर कसं सुटेल? प्रश्नचिन्ह यांनी हे जरूर वाचावं.

१७०६ साली त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युटशाउ हे दोन जर्मन लुथरन डॅनिश वसाहतीत, तरंगमबाडीला उतरले. तमिळ नवा करार तिथेच छापला. त्याच मिशनमधून १७५० मध्ये क्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्‌झ आले आणि पुढे तंजावरात स्थायिक झाले. आमचे तुळजाजी राजे भोसले आजारी पडले तेव्हा त्यांनी दत्तक मुलगा सरफोजी याला सांभाळायची विनंती या श्वार्ट्‌झना केली. गादीसाठी भाऊबंदकी होती, मुलाच्या जिवाला धोका होता. श्वार्ट्‌झनी त्याला मद्रासला नेऊन शिकवलं.

१७९८ मध्ये श्वार्ट्‌झ वारले, त्याच वर्षी सरफोजी राजे गादीवर बसले. आणि काय केलं? धर्म बदलला नाही. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. आणि त्याच राजानं इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं: श्वार्ट्‌झ मृत्युशय्येवर आहेत आणि राजा त्यांचा हात धरून उभा आहे. दोन्ही आजही जाऊन बघता येतात, एकमेकांपासून लांब नाहीत. मी लहानपणी दोन्हीकडे गेलोय.

प्रश्नचिन्ह :
वाचलं. शिलालेख माहीत होता, शिल्प नव्हतं. राजाचं उदाहरण सामान्य माणसाला लावता येतं का हा प्रश्न माझ्या मनात राहतोच, पण हे मोलाचं आहे. तंजावरला जाईन तेव्हा चर्चही बघेन.

ओहायोची_सून :
सगळे गोडगोड लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू. आमच्या गावातल्या एका मंडळीत (नाव लिहीत नाही) मी मुलाला उन्हाळी शिबिराला घातलं होतं. त्यानंतर दर आठवड्याला फोन. सभासद कधी होताय, बाप्तिस्म्याचा विचार केलाय का. नम्रपणे सांगून झालं, फोन थांबले नाहीत. शेवटी मी पत्र लिहिलं: आम्ही हिंदू आहोत, राहणार आहोत, तुमच्या शिबिराबद्दल आभार, फोन करू नका. मग थांबले. त्यामुळे रानजाई, सुरुवातीलाच तोंडावर सांगा. आडून नको. त्यात दोघांचाही मान राहतो.

मिनियापोलिसकर :
ओहायोची_सून यांना अनुमोदन. ईएलसीएवाले सहसा मागे लागत नाहीत, पण माणसं माणसांसारखी असतात. सांगून टाकलेलं बरं.

अवांतर, पण इथल्या मंडळ्यांबद्दल राहून गेलं. १९७५ नंतर लाओसमधून ह्मोंग निर्वासित आले तेव्हा मिनेसोटातल्या लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एकेका कुटुंबाची जबाबदारी घेतली. भाड्याचं घर बघणं, हिवाळ्याचे कोट, शाळेत नाव घालणं, गाडी चालवायला शिकवणं. आज सेंट पॉलच्या बाजारात ह्मोंग शेतकऱ्यांची भाजी घेताना मला नेहमी त्याची आठवण होते.

फिनलंडहून_फुलवा :
मुलं मोठी होतील तेव्हाचं आधीच सांगून ठेवते. :) फिनलंडमध्ये पंधराव्या वर्षी दृढीकरणाची शाळा असते, तिचा मोठा भाग म्हणजे उन्हाळ्यात तळ्याकाठी आठवडाभराचं शिबिर. सौना, पोहणं, रात्री उशिरापर्यंत गिटार, मध्ये बायबलचा वर्ग. वर्गातले बहुतेक जातात, ज्यांच्या घरी कुणी वर्षानुवर्षं चर्चला गेलं नाही तेसुद्धा. सभासद नसलेल्यांनाही प्रवेश आहे. दृढीकरण मात्र बाप्तिस्म्याशिवाय होत नाही.

आमच्या लेकाला जायचं होतं. घरी पुष्कळ वाद झाला, सासूबाई पुण्याहून फोनवर रडल्या. शेवटी तो गेला, शिबिर केलं, दृढीकरण केलं नाही. परत आला तो आम्हाला विचारायला लागला की आपल्याकडे पंधराव्या वर्षी असं कुणी बसवून काय शिकवतं? आम्ही दोघं त्याच्याबरोबर त्या हिवाळ्यात गीता वाचायला बसलो.

रानजाई :
किती लिहिलंत सगळ्यांनी! सौंसरवाला आणि तंजावरी, तुमचे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले.

मिनियापोलिसकर, पाटी वाचली. आमच्या आजींचं चर्च ईएलसीए, पाळकबाई आहेत. दुसरं मिसूरी सिनड. प्रभुभोजन दोघं एकत्र घेत नाहीत, पण गारपिटीत एका शेतकऱ्याचं गोदाम पडलं तेव्हा दोन्हीकडची माणसं एकाच ट्रॅक्टरवरून गेली.

ओहायोची_सून यांचं ऐकायचं ठरवलंय. या आठवड्यात पाळकबाईंना भेटते.

नगरी_सलाम :
ताई, प्रभुभोजनाचं राहिलं. बाप्तिस्मा न झालेल्यांनी भाकर-द्राक्षरस घेऊ नये असं मला वाटतं. त्यात तुमचा अपमान नाही, आमच्यासाठी ती फार खोल गोष्ट आहे एवढंच. लोक पुढे जातील तेव्हा बाकावर बसून राहिलात तरी कुणी वळून बघणार नाही. पुढे जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरा. पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. लेकीला ते आवडेल. आणि नाटुकल्यात मेंढपाळ, मेंढी, तारा यातलं काहीही खुशाल होऊ द्या.

मिनियापोलिसकर :
नगरी_सलाम +१. हात आडवे धरायचं इथेही तसंच. काही ठिकाणी पाळक जास्त मोकळे असतात, पण आधी विचारून घ्या.

रानजाई :
धागा वर काढतेय. उशीर झाला, क्षमस्व.

पाळकबाईंना भेटले. सगळं सांगितलं: आम्ही कोण, घरी काय करतो, सभासद होणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की सांगितलंत ते बरं केलंत, आता मला तुमच्याशी बोलताना शब्द जपून वापरावे लागणार नाहीत. मग त्यांनीच मला प्रश्न विचारले, गणपती का विसर्जित करतात वगैरे. तासभर बसलो. सभासद नसल्यामुळे जानेवारीच्या वार्षिक सभेत मत देता येत नाही, पण मी मागे बसून ऐकलं. छप्पर दुरुस्त करायचं की तळघरातली, इमारत गरम ठेवणारी भट्टी बदलायची यावर दोन तास. ज्या आजोबांचं म्हणणं पडलं, त्यांनीच छपरासाठी पहिला चेक लिहिला.

लेक मेंढी झाली होती. बेंऽऽ जरा जास्त वेळा म्हणाली.

प्रश्नचिन्ह, तुमच्यामुळेच मी इतकं स्पष्ट बोलायला गेले. तुमचा प्रतिसाद आधी टोचला होता, पण कामाला आला.

आता नवा प्रश्न. लेंटमधल्या एका बुधवारचं सूप माझ्याकडे आलंय. ८० माणसं. आजी म्हणतात तुमच्याकडचं काहीतरी कर. साधं हवं, उपासाच्या काळातलं. टोमॅटोचं सार चालेल का? इतकं मी आयुष्यात केलेलं नाही.

प्रश्नचिन्ह :
आनंद वाटला वाचून. सारच करा. माझ्या आईच्या मते सार बिघडवायला विशेष गुण लागतात.

सौंसरवाला :
सार उत्तम. पण हिरवी मिरची वाटून घालू नका, अख्खी टाका आणि काढून घ्या.

केतकी_पुणे :
मी कार्यालयाच्या स्वयंपाकात बरीच वर्षं मदत करते, म्हणून प्रमाण देते. माणशी पाव लिटर धरा, म्हणजे २० लिटर. टोमॅटो १० किलो, नाहीतर हिवाळ्यात चांगले मिळत नसतील तर डब्यातले सोललेले घ्या. नारळाच्या दुधाचे ४०० मिलीचे १० डबे. गूळ थोडा थोडा घालत चव बघा, डब्यातले टोमॅटो आंबट जास्त असतात. टोमॅटो आदल्या दिवशी शिजवून, गाळून ठेवता येतील. नारळाचं दूध दुसऱ्या दिवशी, शेवटी, आणि त्यानंतर उकळी आणायची नाही, फाटतं. जिरं, आलं, कढीपत्ता यांची तुपातली फोडणी वाढायच्या आधी.

मिनियापोलिसकर :
तळघरात मोठे विजेचे रोस्टर असतात, १७-१८ लिटरचे. दोन मागून घ्या, एकात २० लिटर मावणार नाही. आणि भांड्यापुढे "यात नारळ आहे" अशी चिठ्ठी लावा, कुणाला चालत नसेल तर. भात विचारतील, थोडा करून ठेवा.